पन्नास फेनिगची बाई

१

नगरला कापडबाजाराच्या तोंडाशी माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. एक काचेची पेटी, एक स्टूल, आणि बेसावध उभं राहिलं की टाळक्याला लागणारी पायरी. दिवसभर डोळ्याला भिंग लावून मी लोकांची वेळ नीट करतो. माझी स्वतःची कधी नीट झाली नाही, पण ते आमच्या धंद्यात चालायचंच.

मला नाण्यांचा नाद लावला तो एका जर्मन साहेबानं. हे साहेब बोअर पाडणाऱ्या गाडीबरोबर आले होते. पाथर्डीकडच्या गावांत खडक फोडत हिंडायचे आणि घड्याळात धूळ गेली की माझ्याकडं यायचे. मजुरी चोख देत, वर खिशाच्या तळाशी राहिलेली आपल्या देशाची चिल्लर पेटीवर ठेवून जात. ती मी टाकली नाही, एवढंच झालं. पुढं त्यांनी गावाकडून पत्रातूनही नाणी मागवून दिली.

लढाईत देश बेचिराख झाल्यावर त्या लोकांनी नव्यानं पाडलेली ही नाणी. सगळी हलकी, कमी किमतीची. फेनिग म्हणजे त्यांचा पैसा. एक फेनिग तांब्याचं दिसतं, पण आत पोलाद असतं, चुंबकाला लगेच चिकटतं. दोन फेनिगचं जुनं नाणं चिकटत नाही, अलीकडचं चिकटतं. सालाखाली एक बारीक अक्षर असतं, त्यावरून कुठल्या टांकसाळीतलं ते कळतं. असल्या गोष्टींत मला इतका आनंद का व्हावा, हे मला कृपाला कधी समजावता आलं नाही. कृपा म्हणजे माझी बायको. ती घरी मशीनवर मुलांचे कपडे शिवायची. ती म्हणायची, ‘बाजारात ज्याची एक सुपारी येत नाही, त्याला कसलं जपायचं?’

मात्र पन्नास फेनिगचं नाणं तिलाही आवडायचं. आकारानं अगदी आपल्या पावलीएवढं, तसंच पांढरं. त्यावर एक बाई आहे. डोक्याला फडकं बांधलेली, गुडघा टेकून बसलेली, जमिनीत एक रोपटं लावणारी. कृपा ते नाणं खिडकीशी नेऊन बघायची आणि म्हणायची, ‘ही तुमच्या जर्मनीची नाही, ही आमच्याकडची खुरपायला बसलेली बाई आहे.’ तेव्हा तिला दिवस गेले होते. लग्नानंतर खूप वर्षांनी, देवाकडं मागायचंही आम्ही सोडून दिलं होतं तेव्हा. मी तिला पाण्याची घागरसुद्धा उचलू देत नव्हतो.

२

मुलगी झाली ती बहात्तरच्या आषाढात. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. दोन दिवस जगली. रडली फारशी नाही. कृपाचं बोट मात्र तिनं असं धरलं होतं की सोडवताना दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनाही हसू आलं होतं. बाप्तिस्मा राहून गेला.

माझी आत्या, मरियाआत्या, पाथर्डीकडच्या खेड्यातून बाळंतपणासाठी येऊन राहिली होती. बाळ गेल्यावर तिनंच त्याला न्हाऊ घातलं. सुतारानं पेटी वेळेवर दिली नाही, तेव्हा कृपाच्या लग्नातली पांढरी साडी काढून बाळाला तिच्यात गुंडाळलं. एवढासा जीव, साडीचे वेढ्यावर वेढे बसले.

आमचं घराणं ख्रिस्ती होऊन बऱ्याच पिढ्या झाल्या, पण काही गोष्टी घरच्या बायकांनी पाळकसाहेबांच्या कानावर न घालता चालू ठेवल्या आहेत. बाप्तिस्म्याआधी मूल गेलं, तर त्याच्या मुठीत एक नाणं द्यायचं, ही त्यातलीच एक. नाणं चालतं हवं, बाजारात कोणीही घेईल असं. भोक पडलेलं, बंद झालेलं चालत नाही. का चालत नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि विचारून सांगितलं असतं असंही नाही.

कळा सुरू झाल्या तेव्हा मी टेबलावर नाणी मांडून बसलो होतो. ते टेबल तसंच पडलं होतं. आत्यानं जाता जाता तिथलं एक उचलून बाळाच्या मुठीत दिलं. तिला दिसायचं कमी. माती देऊन आल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी खिशातून काढून ठेवलेली पावली टेबलावर तशीच आहे आणि तिच्याशेजारचं पन्नास फेनिग नाही.

मला त्या घडीला राग आला तो नाणं गेल्याचा, हे सांगायला लाज वाटते. मग वाटलं, जाऊ दे. मुठीत काय आहे ते मेलेल्याला काय कळतं? आत्याला बोललो नाही, कृपाला तर नाहीच.

३

दर रविवारी चर्चहून परतताना आम्ही कबरस्तानावरून यायला लागलो. कृपा पिशवीतून बाटलीभर पाणी न्यायची. त्या साली नगरात टँकरवर बायकांची डोकी फुटत होती आणि ही मातीवर पाणी ओतायची. माणसाला दुःख करायला काहीतरी हातात लागतं.

कबरस्तान झाडायचं, खड्डे खणायचं काम दगडाबाई करायची. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापानं तिचं नाव दगडाबाई ठेवलेलं, तेवढ्यानं मरण फसलं आणि ती जगली. तिनं बाळाच्या ढिगाऱ्याभोवती गोटे लावून दिले होते. एकाला एक चिकटून, हार गुंफावा तसे.

गणपतीच्या सुमाराला पाहिलं तर गोट्यांमध्ये फटी पडल्या होत्या. मी बसून ते परत चिकटवायला लागलो आणि गोटे पुरेनात. काळी माती, त्यात पाऊस नाही. भेगा पडणार, दगड सरकणार. साध्या गोष्टी आहेत. मी आणखी चार गोटे आणून लावले.

दसऱ्याला परत फटी. भेगा शेजारच्या कबरींनाही होत्या, पण त्या आडव्यातिडव्या. आमचा ढिगारा लांबीत वाढला होता. दगडाबाईला विचारलं, तर तिनं खराटा थांबवला.

‘म्या कायबी हलीवलं न्हाई, दादा,’ ती म्हणाली. ‘म्या त्या अंगाला जातच न्हाई आता.’

का जात नाही, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात कृपानं पिशवीतून शिवणाची टेप काढली. ढिगाऱ्याच्या डोक्याशी एक टोक अंगठ्यानं दाबलं, दुसरं पायथ्याला नेलं, आणि आकडा बघून माझ्याकडं पाहून हसली. बाळ गेल्यापासून ती हसली नव्हती. म्हणून मीही हसलो.

४

घरात मशीन पुन्हा चालू झाली. गिऱ्हाइकांचे कपडे शिवून झाले की ती उरल्या चिंध्यांतून झबली शिवायची. मग झबल्यांचे फ्रॉक झाले, फ्रॉकच्या बाह्या वाढल्या. नाताळात तिनं चालणाऱ्या मुलीच्या मापाचा फ्रॉक शिवला आणि कपाटात खुंटीला लावला. मी म्हणालो, कोणाचा? ती म्हणाली, ‘माप घेतलंय मी.’ तिच्या बोलण्यात वेड नव्हतं. वेड असतं तर मला सोपं गेलं असतं.

तिला दूध येत होतं. महिने उलटून गेले तरी येत होतं. दुपारच्या ठरावीक वेळेला तिचं पोलकं भिजायचं, आणि मशीनचं पायडल थांबायचं. ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची. त्या वेळी खोलीत मला थांबवत नसे. हवा जड व्हायची, मूल पीत असताना असते तशी शांतता पसरायची. मी कामाचं निमित्त करून जिन्याखाली जाऊन बसायचो.

आणि ती वाळत चालली. आधी बांगड्या मनगटावरून कोपराकडं सरकल्या, मग गालांची हाडं वर आली. जेवायची नीट, निदान माझ्यासमोर तरी. अन्न कुठं जात होतं कोणास ठाऊक. मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त पाहिलं, दूध बंद व्हायच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी दूध बंद झालं नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी मी सरकलेला गोटा उचलायला वाकलो. बोटांना माती गार आणि ओलसर लागली. कृपाची बाटली अजून पिशवीतच होती. मी कान टेकवला. ही आमच्या धंद्यातली खोड आहे. बंद घड्याळ आलं की आधी कान लावायचा, आत काही अडकलंय की संपलंय ते आवाजावरून कळतं.

आत काही संपलेलं नव्हतं. फार संथ, थांबून थांबून, काहीतरी घासल्यासारखं येत होतं. भरल्या पोटी झोपलेल्याचा श्वास चालतो तसं. मी स्वतःला सांगितलं की कानावर दाब आला की आपलीच नाडी ऐकू येते. हे खरंही आहे. म्हणून मी माझी नाडी बोटांनी धरून पुन्हा कान लावला. दोन्हींचा मेळ बसत नव्हता.

उठलो तेव्हा कृपा माझ्याकडं बघत होती. तिनं विचारलं, झोपलीय का? मी कपडे झटकले आणि निघू या म्हणालो.

५

मार्च लागला तशी कृपाला उभं राहिलं की चक्कर यायला लागली. एका सकाळी ती मशीनवरच पडली. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर व्हरांड्यात घेतलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, की रोग हाताला लागत नाही, अंगात काही उरलेलं नाही, अशीच राहिली तर उन्हाळा काढणार नाही. मी मान हलवली. व्हरांड्याच्या खांबाचा रंग उडाला होता, तो मी नखानं खरवडत राहिलो.

आत्याला निरोप धाडला होता. ती दुष्काळी कामावर खडी फोडत होती, तिथून तशीच आली. हातांना फोड आले होते. तिला मी सगळं सांगितलं, ढिगारा, दूध, कान लावल्याचं. शेवटी नाण्याचं सांगितलं आणि डबी उघडून त्यातलं दुसरं पन्नास फेनिग तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं ते बोटांनी चाचपलं. बाई कुठं आहे, रोपटं कुठं आहे, मी दाखवलं. तिनं नाणं परत माझ्या हातात दिलं आणि पदराला हात पुसले.

मग म्हणाली, ‘परकं नाणं तिकडं कोण घेतंय, शांतवन? पोर वाटंतच बसलंय. बसलंय तर भूक लागनारच की त्याला.’

मी म्हणालो, हे सगळं थोतांड आहे. ती म्हणाली, ‘आसंल.’ आणि चुलीपुढं जाऊन बसली.

त्या रात्री मला झोप आली नाही. माझी अक्कल मला सांगत होती की बायको शोकानं झिजते आहे, तिला हवापालट हवा. तीच अक्कल हेही सांगत होती की उघडून पाहायला हरकत काय? काही नसलं तर नसलेलं दिसेल. नाणं बदलून पावली ठेवायची, आत्याचंही समाधान. एवढं मोठं खोटं मी स्वतःशी आयुष्यात बोललो नसेन. खरं एवढंच होतं की कृपा मला हवी होती. दुसरं काहीही गेलं तरी चालणार होतं.

६

भर दुपारी गेलो. त्या वेळी कबरस्तानात चिटपाखरू नसतं. दगडाबाईनं फावडं दिलं, पण हात लावायला नको म्हणाली. फाटकाशी जाऊन माझ्याकडं पाठ करून बसली.

वरची माती टणक होती, तिच्याखाली लगेच ओल. जिल्ह्यातल्या विहिरींनी तळ दाखवला होता, बोअरमधून नुसती भुकटी येत होती, आणि इथं माती हाताला चिकटत होती. फावडं ठेवून मी हातांनीच उकरायला लागलो. खड्डा चांगला खोल घेतला होता, मला आठवत होतं. तरी कोपरभर माती काढली नाही तोच पांढरं कापड लागलं.

साडी ओळखली. काठावरची वेल कृपानं स्वतः भरली होती. वेढे कुठं दिसेनात. कापड ताणून बसलं होतं, एकेरी, शिवण उसवायच्या बेताला आलेल्या झग्यासारखं. आणि एका कडेला ते अपुरं पडलं होतं.

तिथून हात बाहेर आला होता. तेवढाच मी पाहिला. बाकीचं पाहिलं नाही, कापड वर केलं नाही, हे मी कोणाच्याही शपथेवर सांगेन. बालवाडीत जाणाऱ्या पोरीचा असावा तेवढा हात. नखं वाढलेली, त्यांत माती. मूठ घट्ट मिटलेली.

मी ती सोडवायला लागलो. एक बोट उघडावं, तर दुसरं मिटायचं. शिरा आखडल्या असतील, ओलीनं कातडी ताठली असेल, असं मी मोठ्यानं म्हणत होतो. माझाच आवाज मला कोणा दुसऱ्याचा वाटत होता. शेवटी नाणं सुटलं, मातीत पडलं. आणि मी पावली ठेवायच्या आत त्या बोटांनी माझा अंगठा धरला.

किती वेळ मी तसा बसलो होतो ते ठाऊक नाही. तिनं ओढलं नाही. नुसता धरून ठेवला, झोपेत धरतात तसा. त्या बोटांना ऊब होती. फाटकाकडून दगडाबाईनं एकदा ‘दादा’ अशी हाक मारली. मला दवाखान्यातली कृपा दिसत होती, तिच्या मनगटाचं हाड दिसत होतं. मग मी दुसऱ्या हातानं पावली घेतली आणि अंगठा आणि तळव्याच्या मध्ये सरकवली.

बोटं एकेक करून सैल झाली. शेवटी करंगळी. मग हात साध्या हातासारखा पडून राहिला, आणि मी बघत असताना मातीखाली काहीतरी खचल्याचा आवाज झाला, फार नाही, पोत्यातलं धान्य बसावं इतका.

पडलेलं नाणं उचलून मी खिशात टाकलं आणि माती लोटली. गोटे लावायला थांबलो नाही.

७

दवाखान्यात जायचं सोडून मी दुकानात गेलो. हात राखेनं, मग साबणानं तीनदा धुतले. ते नाणं धुतलं आणि सवयीनं भिंग डोळ्याला लावलं.

जमिनीत पुरलेलं नाणं कसं होतं ते मला माहीत आहे. काळं पडतं, डाग धरतं, पण त्यावरचं चित्र जात नाही. चित्र जातं ते हातानं. वर्षानुवर्षं कोणी अंगठ्यानं घोळवत राहिलं की उंचवटे आधी सपाट होतात. हे नाणं मी नवंकोरं डबीत ठेवलं होतं. आता त्यावर रोपटं नव्हतं, फडकं नव्हतं, चेहरा नव्हता. बाईच्या जागी एक गुळगुळीत वाकलेली पाठ तेवढी उरली होती. मातीखाली कोणीतरी हे नाणं घेऊन खेळत बसलं होतं. एकटं, दिवसेंदिवस, हातात दुसरं काही नाही म्हणून. मी ते पाहिलं आणि भिंग काढून ठेवलं. काढून ठेवलं म्हणून दिसायचं थांबलं नाही.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. कृपा उशीला टेकून बसली होती. गालांवर थोडी लाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ताप नाही, भाकरी मागून खाल्ली, आता हळूहळू सुधारेल. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. त्या गेल्यावर मी स्टुलावर बसलो.

‘दुपारी दूध आटलं,’ कृपा म्हणाली. ‘एकदम. नळ बंद करावा तसं.’

मी म्हणालो, बरं झालं. गोळ्या लागू पडल्या.

‘तुम्ही तिकडं गेला होतात.’

शेजारच्या खाटेवरची म्हातारी आमच्याकडं बघत होती. कृपानं आवाज खाली आणला.

‘तिचा हात गार होता ना?’

तिच्या डोळ्यांत मी इतकं आर्जव कधीच पाहिलं नव्हतं. ती उत्तर मागत नव्हती, माझ्याकडून एक शब्द मागत होती, तेवढ्यावर ती जगणार होती.

‘गार होता,’ मी म्हणालो. ‘अगदी गार.’

तिनं माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला. तळहात उलटा केला, अंगठा नाकाशी नेला आणि डोळे मिटून श्वास आत ओढला. लहान मुलाच्या टाळूचा वास घेतात तितका वेळ तिनं घेतला. मी तो हात साबणानं तीनदा धुतला होता.

मग तिनं तो सावकाश माझ्या मांडीवर ठेवला, चादर गळ्यापर्यंत ओढली आणि भिंतीकडं तोंड केलं. ती बरी झाली. आजही माझ्यासाठी स्वयंपाक करते, विचारलं तर उत्तर देते. माझ्या हाताला मात्र तिनं पुन्हा कधी स्पर्श केला नाही.